सुट्टी मुलांची, काळजी उन्हाची

परीक्षा संपल्या की घराघरात एकच प्रश्न सुरू होतो : आता दीड महिना मुलांचे करायचे काय? शाळा असते तेव्हा दिवसाचे पाच-सहा तास तरी मुले शिस्तीत असतात. सुट्टी लागली की सकाळी नऊपर्यंत अंथरुणात लोळणे, मग टीव्ही, मग मोबाईल, ऐन दुपारी उन्हात क्रिकेट आणि रात्री बारापर्यंत जागरण असा दिवस सुरू होतो. जून महिन्यात शाळेत परत जाणारे मूल कधी वजनाने वाढलेले, कधी चष्मा लागलेले, तर कधी उन्हाळ्यातील आजारपणाने खंगलेले असते.

दुसऱ्या बाजूला शिबिरांच्या जाहिराती असतात. नृत्य, चित्रकला, पोहणे, व्यक्तिमत्त्व विकास, प्रत्येकाचे शुल्क वेगळे. घरात दोन मुले असली की हिशेब महिन्याच्या किराण्याच्या पुढे जातो. मग पैसे भरता येत नाहीत म्हणून काही पालकांना मुलांची सुट्टी वाया चालली असे वाटू लागते. तसे वाटून घेण्याचे कारण नाही. वाढत्या वयाच्या मुलाला सुट्टीत लागते ती भरपूर हालचाल, पुरेशी झोप, स्वच्छ पाणी, साधे अन्न आणि सोबत. यातले काहीही शिबिराच्या मंडपातच मिळते असे नाही. गारखेडा परिसरात, किंवा कोणत्याही गावात, ते जवळजवळ फुकट मिळू शकते. अडचण असते ती एकच, मराठवाड्यातील उन्हाची. म्हणून सुट्टीचे वेळापत्रक घड्याळापेक्षा उन्हाकडे पाहून आखावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

ऊन मुलांना जास्त का बाधते?

आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस राहावे लागते. बाहेर उष्णता वाढली की त्वचेकडे रक्त जास्त जाते आणि घाम येतो. घाम वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. लहान मुलांचे वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते. त्यामुळे बाहेरची उष्णता त्यांच्या शरीरात लवकर शिरते. मोठ्यांच्या तुलनेत त्यांना घामही कमी येतो. शिवाय खेळाच्या नादात तहान लागली आहे हे मुलांच्या ध्यानात येत नाही, आले तरी ‘एक डाव झाला की येतो’ असे उत्तर मिळते.

आपल्याकडची हवा एप्रिल-मे महिन्यांत कोरडी असते. अंगावर आलेला घाम लगेच वाळून जातो. मुंबईकडे घामाने सदरा भिजतो, त्यामुळे किती पाणी गेले ते दिसते. येथे सदरा कोरडाच राहतो आणि पाणी मात्र तेवढेच किंवा जास्त गेलेले असते. हे पालकांनी विशेष लक्षात ठेवावे. ‘घाम तर आला नाही, मग ऊन कसे लागले?’ ही शंका त्यातूनच निर्माण होते.

मे महिन्याच्या मध्यावर आपल्या शहरात सूर्य सहाच्या थोडा आधी उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. सकाळी साडेआठ-नऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर मुलांनी मनसोक्त बाहेर राहावे. मधला वेळ सावलीचा. असे दिवसाचे तीन भाग केले की पुढची सारी आखणी सोपी होते.

सकाळ : अंगमेहनतीची वेळ

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल हवी. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून तीन तास हालते-खेळते असावे. सकाळच्या दोन तासांत शाळकरी मुलांची गरज सहज भागते.

गारखेड्यातील मुलांचे भाग्य असे की सूतगिरणी चौकाजवळचे विभागीय क्रीडा संकुल त्यांच्या दाराशी आहे. तेथील वेळा, शुल्क आणि कोणत्या खेळाचे प्रशिक्षण चालू आहे याची चौकशी संकुलाच्या कार्यालयात करावी. पण संकुलात नाव नोंदवले नाही तरी बिघडत नाही. शाळेचे पटांगण, वसाहतीतील मोकळा भूखंड किंवा मंदिरासमोरचे आवार पुरेसे आहे. साहित्य म्हणाल तर एक चेंडू आणि फरशीचे सात तुकडे.

आपले जुने खेळ आरोग्याच्या दृष्टीने फार विचारपूर्वक रचल्यासारखे वाटतात. लगोरीत नेम, धावणे आणि वाकणे एकत्र येते. लंगडीत एका पायावर तोल सांभाळावा लागतो, पायाचे व कमरेचे स्नायू बळकट होतात आणि उड्यांचा भार पडल्याने हाडेही मजबूत होतात. आट्यापाट्यांत अंगाला झोके देऊन समोरच्याला चकवायचे असते, त्यात चपळाई वाढते. खो-खोत थोडा वेळ जोराची धाव आणि मध्ये बसून विश्रांती असा क्रम असतो. हृदय व फुफ्फुसांसाठी हा उत्तम व्यायाम आहे. दोरीवरच्या उड्या मारायला तर अंगणाचा कोपराही चालतो. विशेष म्हणजे या खेळांत एकटा खेळाडू खेळू शकत नाही. भांडण, समजूत, डाव देणे, हार सोसणे हे सारे मूल त्यातच शिकते.

हे खेळ मागासलेले आहेत असे कुणाला वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी ती जिंकली. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे आहेत. आपल्या मुलांना ही नावे सांगा आणि खुंट नसले तर दोन विटा ठेवून डाव मांडून द्या.

आठवड्यातून एक-दोन सकाळी पायी फिरण्यासाठी ठेवाव्यात. विद्यापीठाच्या बाजूची गोगाबाबा टेकडी चढायला लहान मुलांनाही जमते. वर पोहोचल्यावर सारे शहर दिसते आणि ‘आपले घर कोणत्या दिशेला?’ हा खेळ चांगला रंगतो. बीड बायपासच्या पलीकडे सातारा परिसरातील खंडोबाचे मंदिर आहे, पण बायपास ओलांडताना मुलांचा हात सोडू नये. कधी शहरातील दरवाजे पाहायला निघावे. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून आपली ख्याती. त्यातला भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ साली बांधला. मुलांना वही-पेन्सिल देऊन दर रविवारी एक-दोन दरवाजे पाहायचे, कमानीचे चित्र काढायचे आणि नाव कसे पडले ते आजोबांना विचारायचे, असे केले तर सुट्टी संपेपर्यंत एक छान वही तयार होते. खर्च फक्त वहीचा.

उजेडाचा डोळ्यांना उपयोग

मुलांना लहान वयात चष्मा लागण्याचे प्रमाण अनेक देशांत वाढले आहे. दिवसाउजेडी बाहेर घालवलेला वेळ जवळच्या दृष्टीचा दोष, म्हणजे लांबचे धूसर दिसणे, सुरू होण्यापासून काही प्रमाणात वाचवतो असे आढळले आहे. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटे बाहेर घालवावीत असा कार्यक्रम राबवला गेला आणि त्यानंतर दृष्टिदोष असलेल्या मुलांचे प्रमाण घटू लागले. यासाठी भर उन्हात उभे राहण्याची गरज नाही. सकाळच्या वेळी झाडाच्या सावलीतला उजेडसुद्धा घरातील दिव्याच्या उजेडापेक्षा कितीतरी पटीने जास्त असतो. मोबाईल हाती घेऊन खाटेवर पडलेल्या मुलाला तो मिळत नाही.

दुपार : सावली, थंडावा आणि बैठे खेळ

साडेदहा ते साडेचार-पाच हा वेळ घरात काढावा. पण ‘घरात’ हा शब्द सर्वांसाठी सारखा नाही. पुंडलिकनगरसारख्या दाट वस्त्यांत आणि शहराच्या कडेच्या वसाहतींत अनेक घरांवर पत्रे आहेत. पत्रा तापला की खोली भट्टीसारखी होते. अशा खोलीत मूल कोंडून ठेवणे म्हणजे त्याला उन्हापासून वाचवणे नव्हे. फार उष्ण हवेत, सुमारे ४० अंशांच्या पुढे, नुसता पंखा शरीर थंड करू शकत नाही, उलट गरम हवाच अंगावर मारतो. अंगाला ओला पंचा लावून पंख्याखाली बसल्यास मात्र फरक पडतो.

पत्र्यावर किंवा गच्चीवर पांढरा चुना दिल्यास ऊन परावर्तित होऊन खोलीतील उष्णता कमी होते. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला, त्यात पुढे वस्त्यांमधील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही घेतले गेले. आपल्याकडे चुन्याची एक पिशवी आणि दोन ब्रश आणून सकाळी लवकर हे काम घरच्या घरी करता येते. मोठ्यांनी वर चढावे, मुलांनी खाली चुना कालवलेल्या बादल्यांपासून दूर राहून पाणी, झाडू देण्याचे काम करावे. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये. पत्र्याखाली जुन्या साड्यांचे किंवा बारदानाचे छत बांधले तरी धग कमी होते. एवढे करूनही खोली तापत असेल तर दुपारचे चार-पाच तास शेजारच्या स्लॅबच्या घरात, मंदिराच्या सभामंडपात किंवा दाट कडुलिंबाखाली काढण्याची गल्लीतल्या आयांनी मिळून सोय करावी. आळीपाळीने एकीने लक्ष द्यायचे ठरले तर कुणाचेच काम अडत नाही.

दुपारी काय करावे? सापशिडी, पत्ते, सागरगोटे, काचापाणी, बुद्धिबळ, भेंड्या ही यादी आजीला विचारली तर अजून लांबेल. सागरगोट्यांनी बोटांची आणि डोळ्यांची सांगड सुधारते. लहान मुलांच्या अक्षरासाठी तो चांगला सराव आहे. वाचनासाठी वाचनालयाची वर्गणी भरावी, ती अजूनही फार परवडणारी असते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक संगणकावर वा मोबाईलवर विनामूल्य वाचता येतात. मोबाईल द्यायचाच असेल तर अशा कामासाठी आणि ठरलेल्या वेळेपुरता द्यावा. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, कमी तितके चांगले, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याहून लहान मुलांना, विशेषतः वर्षाच्या आतल्या बाळांना, तो देऊच नये. जेवताना आणि झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल कोणाच्याच हाती नको. हा नियम वडिलांनीही पाळला तरच मुले पाळतील.

स्वयंपाकघर ही दुसरी शाळा. कुरडया, पापड, सांडगे, शेवया यांचे दिवस हेच. सकाळी वाळवण घालताना पापड मोजणे, दुपारी सावलीत बसून लिंबे पिळणे, कैरीचे पन्हे करणे ही कामे आठ-दहा वर्षांच्या मुलाला, मुलगा असो वा मुलगी, सहज जमतात. आपल्या हातचे पन्हे पिणारे मूल बाटलीतल्या रंगीत पेयासाठी कमी हट्ट करते.

मे महिन्यातल्या एका दुपारी मुलांना निसर्गाचा एक चमत्कार दाखवा. १९-२० मेच्या सुमारास सूर्य आपल्या शहराच्या बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी सरळ उभ्या ठेवलेल्या बाटलीची किंवा डब्याची सावली त्याच्या बुडाखाली लपते. याला शून्य सावली म्हणतात. असे वर्षातून दोनदा घडते, पण जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येणाऱ्या दुसऱ्या वेळी बहुधा ढग असतात. डोक्यावर टोपी घालून पाच मिनिटांत हे पाहावे आणि घरात यावे. सूर्याकडे नजर लावू नये. दुपारच्या उन्हाला का भ्यायचे, हे मुलांना त्या एका प्रयोगातून कळते.

संध्याकाळ आणि रात्र

साडेपाचला ऊन उतरले की मुलांना पुन्हा खेळायला सोडावे. जमीन, डांबर आणि घसरगुंडीचा पत्रा मात्र उशिरापर्यंत तापलेला असतो. लहान मुलाला बसवण्यापूर्वी आपला हात लावून पाहावा. अनवाणी खेळू देऊ नये.

पाण्याचे दिवस मोजणाऱ्या आपल्या शहरात बाग फुलवणे कठीण, पण भाज्या व डाळ-तांदूळ धुतलेले पाणी चार कुंड्यांना पुरते. खाल्लेल्या आंब्याच्या कोया, चिंचोके, सीताफळाच्या बिया जमवून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत मातीसह लावाव्यात. पावसाळा येईपर्यंत काहींना कोंब फुटतात आणि शाळेत न्यायला रोप तयार होते. गच्चीवर मातीच्या परळात पक्ष्यांसाठी पाणी ठेवावे. ते रोज ओतून परळ घासून पुन्हा भरावे, नाहीतर त्यात डास वाढतात. ही जबाबदारी एका मुलाकडे कायमची द्यावी.

रात्री गच्चीवर अंथरूण टाकले की आकाश फुकट पाहता येते. मे महिन्यात नऊच्या सुमारास उत्तरेकडे सप्तर्षी वर दिसतात. त्यातल्या पुढच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा खाली वाढवली की ध्रुव सापडतो. आपल्याकडे तो क्षितिजापासून सुमारे २० अंश वर असतो. हात लांब करून मूठ धरली तर एका मुठीने साधारण १० अंश मोजले जातात, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर. शहराच्या उजेडातही हे तारे ओळखता येतात. गच्चीला कठडा नसेल तर तेथे मुलांना झोपवू नये.

झोपेची वेळ सुट्टीतही फार बदलू नये. शाळकरी मुलांना नऊ ते अकरा तास झोप लागते. सकाळी सहाला मैदानावर जायचे तर रात्री नऊ-साडेनऊला अंथरुणावर पडायला हवे. दुपारची अर्धा-एक तासाची डुलकी उन्हाळ्यात योग्यच आहे.

एसटीने एक दिवसाची सहल

सहल म्हणजे भाड्याची गाडी असे समीकरण झाले आहे. ते सोडून एसटीचा हिशेब करून पाहावा. ५ वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. म्हणजे आई, वडील, दोन लहान मुले आणि ७५ ओलांडलेली आजी अशा पाच जणांच्या सहलीला अडीच तिकिटांचे पैसे लागतात.

वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. पुरातत्त्व खात्याच्या तिकीट असलेल्या वास्तूंत १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही. हाच लाभ बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला आणि औरंगाबाद लेणी येथेही मिळतो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. पहाटेची बस धरून सकाळीच पोहोचावे, आधी कैलास लेणे उघड्यावरचे असल्याने ते पाहून घ्यावे. वरून खाली कोरत आणलेले हे मंदिर पाहताना ‘पाया आधी की कळस आधी?’ असे मुलांना विचारावे. ऊन वाढले की खोल कोरलेल्या लेण्यांत शिरावे. जाड खडकामुळे तेथे थंडावा असतो. दुपारचे जेवण घरच्या दशम्या-चटणीचे, सोबत दर माणशी किमान दोन लिटर पाणी. दौलताबादचा किल्ला मात्र मे महिन्यात लहान मुलांना घेऊन चढू नये, ती सहल श्रावणासाठी राखून ठेवावी. शहरातील पाणचक्की, सिद्धार्थ उद्यान ही ठिकाणे संध्याकाळी पाहावीत. पाणचक्कीला डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणले गेले. एवढ्या जुन्या काळी या कोरड्या मुलखात पाण्याची किती चिंता वाहिली जात होती, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे.

प्रवासात उभ्या मोटारीत मूल एकटे ठेवून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून जाऊ नये. बंद मोटार काही मिनिटांत जीवघेणी तापते.

मामाच्या गावाला जाताना

सुट्टी म्हणजे मामाचे गाव. मुले तेथे चार पायल्यांची भूक घेऊन येतात आणि ते चांगलेच आहे. परंतु दोन धोक्यांची जाणीव आई-वडिलांनी आणि मामा-मामींनी ठेवलीच पाहिजे.

पहिला धोका पाण्याचा. दर उन्हाळ्यात विहिरीत, धरणाच्या पाण्यात आणि शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या याच वर्तमानपत्रात छापून येतात. शेततळे दिसायला निरुपद्रवी असते. त्याला आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, उतार निसरडा होतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढायला काही धरता येत नाही. शहरातून आलेल्या मुलाला हे माहीत नसते. म्हणून शेततळ्याभोवती कुंपण असावे, कडेला खुंटीला पक्का बांधलेला गाठींचा दोर आत सोडलेला असावा आणि हवा भरलेली ट्यूब किंवा रिकामा बंद कॅन हाताशी ठेवावा. शेततळ्यात कोणीही पोहू नये. पोहणे अवश्य शिकवावे, पण विहिरीत पाठीला डबा बांधूनसुद्धा, पोहणारा मोठा माणूस हाताच्या अंतरावर पाण्यात असतानाच.

कोणी बुडत असेल तर पाठोपाठ उडी टाकू नये. एकाला वाचवताना दोघे-तिघे गेल्याची उदाहरणे आहेत. दोर, काठी, साडी, कॅन फेकावा आणि ओरडून मदत बोलवावी. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगू नये, पोट दाबत बसू नये. श्वास चालू नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरा धोका विंचवाचा. उन्हाळ्यात दगडाखाली, गोवऱ्यांत, सरपणात विंचू असतात. काळ्या मोठ्या विंचवापेक्षा आपल्याकडचा लहान तांबडा विंचू अधिक घातक. दंश झाल्यावर मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर विष हृदयावर परिणाम करीत आहे असे समजावे. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड भागात काम करताना १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि अशा दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. हा उपचार वेळेवर मिळाला तरच उपयोगी. मंत्र, आवळून बांधणे, चिरा देणे यात वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

काय प्यावे, काय खावे?

खेळताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पाजावे, तहानेची वाट पाहू नये. लघवी फिकट असेल तर पाणी पुरते आहे, गडद पिवळी व थोडी होत असेल तर कमी पडते आहे असे समजावे. माठातले पाणी, ताक, लिंबू सरबत, पन्हे, ज्वारीची आंबील ही आपली पेये उत्तम. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मात्र उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये, आईचे दूध वारंवार द्यावे.

रस्त्यावरील बर्फाचा गोळा आणि बर्फ घातलेला उसाचा रस टाळावा. बर्फ कोणत्या पाण्याचा हे कळत नाही आणि कावीळ, विषमज्वर, जुलाब त्यातूनच येतात. चिरून ठेवलेले कलिंगड न घेता अख्खे घेऊन घरी कापावे.

जुलाब-उलट्या झाल्यास ओआरएसची पुडी वापरावी. शासकीय दवाखान्यात ती मोफत मिळते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाट हवा. ओआरएस या नावाने विकली जाणारी गोड पेये निराळी असतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर हे नाव वापरण्यास मनाई केली आहे. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्यावा.

ऊन लागलेच तर

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायांत गोळे येणे, मूल चिडचिडे किंवा मलूल होणे ही पहिली लक्षणे. मुलाला सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घालावा, घोट घोट सरबत द्यावे. अर्ध्या-एक तासात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

मूल बरळू लागले, झटके आले, शुद्ध हरपली किंवा अंग चटका बसेल इतके तापले तर तो उष्माघात. तेथे क्षणाचाही विलंब नको. १०८ ला कळवावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालीत राहावे. काखेत व जांघेत बर्फ ठेवावा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही. खिशात कांदा ठेवल्याने उष्माघात टळतो हा समजही खरा नाही. कांदा जेवणात खावा आणि डोक्याला पांढरे उपरणे बांधावे.

थोडक्यात

• सकाळी सहा ते साडेआठ मैदान, दुपारी सावली, साडेपाचनंतर पुन्हा मैदान.
• रोज किमान एक तास दमवणारा खेळ. शाळकरी मुलांना नऊ ते अकरा तास झोप.
• पत्र्याच्या घरांसाठी चुना, बारदान आणि दुपारच्या सामायिक सावलीची सोय.
• पाण्याजवळ मूल एकटे नको, शेततळ्यात तर मुळीच नको.
• गल्लीतील पालकांनी आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत. रोज सकाळी एका घरचे मोठे माणूस मैदानावर हजर राहील.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. या सगळ्यात पैसा फारसा लागत नाही, पण मोठ्या माणसाचा वेळ लागतो. दोघेही कामावर जाणाऱ्या घरांत तो रोज निघत नाही, हे खरे. पण गल्लीतील सात घरे एकत्र आली तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून एकच सकाळ येते. या रविवारी शेजाऱ्यांशी बोलून कोणाचा वार कोणता ते ठरवा आणि सोमवारी सकाळी सहाला मुलांना मैदानावर न्या.